उभारीचा हिशेब शेलूबाजारातून

१८९१ च्या शिरगणतीत मुंबई शहरात ८,२१,७६४ माणसं मोजली गेली होती. १९०१ साली ती ७,७६,००६ भरली. मधल्या दहा वर्षांत प्लेग येऊन गेला होता, खरं तर अजून गेलाच नव्हता, आणि साडेपाच टक्क्यांची ही घट त्याची खूण होती. याच दोन शिरगणत्यांत वऱ्हाडातल्या बाशीम जिल्ह्याचेही आकडे आहेत. आज आपण ज्याला वाशीम म्हणतो त्याचं तेव्हाचं सरकारी नाव बाशीम. तिथे १८९१ मध्ये ३,९८,१८१ माणसं होती, १९०१ मध्ये ३,५३,४१० उरली. म्हणजे घट अकरा टक्क्यांची, मुंबईच्या दुप्पट. पुढच्या शिरगणतीत, १९११ मध्ये, मुंबईचा आकडा ९,७९,४४५ वर गेला आणि शहर सावरलं यावर शिक्कामोर्तब झालं. बाशीमचं काय झालं, हे मात्र १९११ च्या तक्त्यात शोधून सापडत नाही, कारण तिथे ती ओळच नाही. १९०५ मध्ये बाशीम जिल्हा मोडला, बाशीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला जोडले आणि पुसद यवतमाळला दिला. ज्या जिल्ह्याची पडझड मोजली गेली, त्याची उभारी मोजायला तो जिल्हाच राहिला नाही. तो पुन्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी, म्हणजे त्र्याण्णव वर्षांनी.

शेलूबाजार हे तेव्हाच्या मंगरूळ तालुक्यातलं, आजच्या मंगरूळपीर तालुक्यातलं बाजाराचं गाव. अकोल्याहून मंगरूळपीरला जाणारा रस्ता आणि कारंजाहून मालेगावकडे, पुढे मेहकर, जालना, संभाजीनगरकडे जाणारा नागपूरचा मोठा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. या चौफुलीवरून पाहिलं की महानगराच्या उभारीची गोष्ट वेगळी दिसते, आणि तीच इथे मांडायची आहे. माझं म्हणणं असं: साथीनंतर महानगर सावरलं की नाही, हे महानगराच्या हद्दीत मोजून कळत नाही. संकटाचा मोठा भार हद्दीबाहेर ढकलण्याची सोय महानगराकडे असते. काम थांबलं की मजूर गावी जातो. त्याला खाऊ घालणं, त्याचं आजारपण काढणं, त्याच्या मुलांची शाळा सांभाळणं हे सगळं गाव करतं, आणि कामाला बोलावणं आलं की त्याला परत पाठवतं. या मधल्या महिन्यांचा खर्च शहराच्या कुठल्याही वहीत चढत नाही. तो धरला नाही तर शहराची उभारी आहे त्यापेक्षा वेगवान आणि स्वस्त दिसते. सव्वाशे वर्षांच्या अंतराने मुंबईने ही गोष्ट दोनदा करून दाखवली आहे.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचं निदान केलं. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला धान्याच्या गुदामांचा भाग. घुशी-उंदीर आणि माणसं तिथे एकाच छपराखाली राहत. हिवाळा लागला तशी साथ पसरली आणि शहर रिकामं होऊ लागलं. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळपास चार लाख माणसं, म्हणजे अर्धी मुंबई, गावाकडे निघून गेली होती. कोकणची बोट आणि देशावरची रेल्वे, दोन्ही भरभरून जात होत्या. याच महिन्यात साथरोग कायदा झाला. घरांची झडती, आजाऱ्यांना उचलून नेणं, बायकांच्या तपासण्या, स्टेशनांवर रोखून ठेवणं हे सगळं त्याच्या आधाराने होऊ लागलं. त्याच्याही आधी, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. पुढच्या जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. हा राजकीय इतिहास मराठी वाचकाला शाळेपासून पाठ आहे. साथीचा अर्थव्यवहार मात्र त्या गदारोळात मागे पडतो, आणि तो कमी बोलका नाही.

त्या हिवाळ्यात गिरण्यांच्या दारात काय चाललं होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. एरवी गिरणीत पगार महिना-दीड महिना मागे ठेवण्याची रीत होती. कामगाराची मजुरी मालकाच्या हातात अडकलेली असे, त्यामुळे तो सहज सोडून जाऊ शकत नसे, गेला तर कष्टाचे पैसे बुडवून जाई. प्लेगने ही गाठ सोडवली. माणसंच मिळेनात तेव्हा गिरण्या रोजच्या रोज, रोख मजुरी देऊ लागल्या. रस्त्याच्या तोंडावर मजुरांसाठी बोली लागू लागली. एका गिरणीचा जॉबर, म्हणजे मजूर भरणारा मुकादम, एक दर सांगे, दुसरा त्यावर चढवी, आणि मजूर ज्याची बोली जास्त त्याच्या मागे जात. मालकांच्या संघटनेने आपल्याच सभासदांना ही चढाओढ थांबवायला सांगितलं, पण चात्या थांबलेल्या असताना तो ठराव कोण पाळणार? मुंबईच्या मजुराने आपला भाव स्वतः ठरवल्याचे ते बहुधा पहिलेच काही महिने असावेत. आणि तो भाव त्याला ठरवता आला तो पाठीशी गाव होतं म्हणून. परत जायला जागा नसती तर त्याला मिळेल त्या मजुरीवर चाळीतच राहावं लागलं असतं. साथ ओसरली, माणसं परतली, आणि रोजची रोख मजुरी गेली. मागे ठेवायची रीत पुन्हा सुरू झाली. गिरण्यांच्या हिशेबात याचं नाव ‘स्थिती पूर्ववत’. उत्पादनाचा आकडा वर जाताना दिसतो, कामगाराच्या हातून निसटलेलं दिसत नाही.

शहर पुढे सावरलं, यात वाद नाही. १८९८ च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने दाटीच्या वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आखल्या. १९०३ च्या डिसेंबरात ताजमहाल हॉटेल उघडलं, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. महायुद्धाच्या तोंडावर गिरणी कामगार लाखाच्या वर गेले. एवढं झालं तेव्हा प्लेग संपलेला नव्हता. ताज उघडलं त्या वर्षीही शहरात प्लेगने हजारो माणसं मेली. उभारी आणि मरण एकाच शहरात, एकाच मोसमात शेजारी-शेजारी नांदत होती, फक्त वेगवेगळ्या वॉर्डांत. शिवाय ट्रस्टने पहिल्या दशकात जितक्या भाडेकरूंच्या खोल्या पाडल्या तितक्यांना नव्या दिल्या नाहीत. त्यामुळे उरलेल्या चाळींत दाटी आणखी वाढली. १९११ चा ९,७९,४४५ हा आकडा पुन्हा वाचला की त्यात हेही दिसतं: त्यातले दहापैकी आठजण मुंबईबाहेर जन्मलेले होते, सर्वांत जास्त रत्नागिरी जिल्ह्यातले. जी उभारी शहराची म्हणून मोजली, ती कोकण आणि देश यांनी आपली कमावती पोरं दुसऱ्यांदा पाठवल्याचा आकडा होता.

इथे एक आक्षेप रास्त आहे. बाशीमची अकरा टक्के घट प्लेगमुळे नव्हती, दुष्काळामुळे होती. १८९६-९७ चा एक आणि त्याहून भयंकर १८९९-१९०० चा, असे दोन दुष्काळ वऱ्हाडावर आले. संपूर्ण वऱ्हाड त्या दशकात २८,९७,४९१ वरून २७,५४,०१६ वर आलं, म्हणजे पाच टक्के घटलं; त्यात बाशीमचा फटका सर्वांत वाईट जागांपैकी होता. मग मुंबईच्या प्लेगशी त्याची सांगड का घालायची? कारण या दोन संकटांकडे पाहण्याची सरकारची आणि बाजाराची नजर एकच होती. वऱ्हाड हा कापसाचा मळा. अमेरिकेतल्या यादवी युद्धापासून इथला कापूस मुंबई बंदराकडे वाहत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रेल्वे, आपली ‘शकुंतला’, कारंज्यावरून गेली तीही कापसासाठीच. दुष्काळात मेलेल्या माणसाने मुंबईचा व्यापार बंद पडला नाही, दुसऱ्या वर्षी पाऊस झाला आणि गाठी पुन्हा निघाल्या. प्लेगने मुंबईचा व्यापार अडला, म्हणून त्यावर कायदा झाला, समिती झाली, ट्रस्ट झाला. १९०६ मध्ये खास मुंबईपुरती मधलीच एक शिरगणती घेतली गेली, आणि तिच्यात आकडा ९,७७,८२२ आला. एका शहराची नाडी पाच वर्षांनी पुन्हा तपासली गेली. त्याआधीच्याच वर्षी बाशीम जिल्हा कारभाराच्या सोयीसाठी मोडला. यामागे कुणाचा दुष्ट हेतू होता असं मी म्हणत नाही. पण ज्याला मोजायचं त्यालाच जपायचं, हा नियम तेव्हापासून चालत आला आहे, एवढं त्या दोन निर्णयांतून दिसतं.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाने हेच पुन्हा दाखवलं. त्यावर लांबण लावायची गरज नाही. जूनमध्ये तो मुंबईच्या गोदीत उतरला, सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याने शहर झोडपलं, आणि तिथून रेल्वेच्या वाटेने आत शिरला. मध्यप्रांत-वऱ्हाड हा देशातल्या सर्वाधिक मृत्युदराच्या प्रांतांपैकी एक ठरला. १९११ ते १९२१ या दशकात मुंबई शहर वीस टक्क्यांनी वाढलं. वऱ्हाड जवळपास जागच्या जागी राहिलं. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत लाखावर कामगारांचा संप झाला तो महागाईने पिचलेल्या मजुरीसाठी, आणि तोही गिरण्या भरघोस नफ्यात असताना. साथीनंतरची तेजी आणि साथीनंतरची भूक यांचं वर्ष एकच होतं.

आता २०२०. १३ मार्चला महाराष्ट्रात पुन्हा तोच १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला. २२ मार्चच्या रात्रीपासून मुंबईची लोकल सामान्य प्रवाशांना बंद झाली, २४ च्या मध्यरात्री देश बंद झाला. आणि मुंबईने १८९७ मध्ये जे केलं तेच २०२० मध्ये केलं: हद्दीबाहेर माणसं सोडली. फरक इतकाच की या वेळी गाड्याही बंद होत्या, म्हणून माणसं चालत निघाली. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून मध्य प्रदेशाकडे निघाले होते. राज्याबाहेरच्या मजुरांसाठी १ मेपासून श्रमिक गाड्या सुटल्या, साठ लाखांहून जास्त माणसं त्यांनी घरी नेली, आणि त्यांची मोजदाद निदान रेल्वेकडे आहे. पण पुण्याच्या चाकणहून, नवी मुंबईच्या कळंबोलीहून, ठाण्याच्या भिवंडीहून वाशीमला परतलेला माणूस राज्याची सीमा ओलांडतच नाही. तो कधी भाजीच्या रिकाम्या ट्रकमधून आला, कधी पास काढून भाड्याच्या गाडीने, कधी दोनशे-तीनशे किलोमीटर पायी. गावाच्या वेशीवर ग्रामपंचायतीने त्याचं नाव एका रजिस्टरात लिहिलं, चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं, आणि मग घरी सोडलं. ते रजिस्टर हीच या स्थलांतराची खरी मोजदाद, आणि तिची बेरीज पुढे कुणी केल्याचं दिसत नाही.

याचा परिणाम पुढच्याच महिन्यात दिसला. २० जून २०२० रोजी केंद्राने गरीब कल्याण रोजगार अभियान सुरू केलं. परतलेल्या मजुरांना गावातच काम द्यायचं, आणि ज्या जिल्ह्यांत पंचवीस हजारांहून जास्त मजूर परतले ते जिल्हे घ्यायचे, असा निकष होता. एकशे सोळा जिल्हे निवडले गेले, सहा राज्यांतले: बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान, झारखंड, ओडिशा. महाराष्ट्रातला एकही जिल्हा नाही. देशाच्या नजरेत महाराष्ट्र म्हणजे मजूर जिथे जातात ते राज्य. मजूर जिथून निघतात असे जिल्हे याच राज्यात आहेत, हे त्या यादीत बसलं नाही. आणि हे त्या राज्याच्या बाबतीत घडलं ज्याने देशाला रोजगार हमी दिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली, १९७२ च्या दुष्काळात तावून-सुलाखून निघालेली, १९७७ मध्ये कायदा झालेली योजना महाराष्ट्राची. २०२०-२१ मध्ये देशभरात रोहयोच्या कामाचे मनुष्यदिवस २६५ कोटींवरून ३८९ कोटींवर गेले, त्यामागे तीच कल्पना उभी होती. वाशीम २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे, नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाच्या उस्मानाबादबरोबर. आरोग्य, शिक्षण, शेती, वित्त, रस्ते असं बरंच काही तिथे महिन्याच्या महिन्याला मोजलं जातं. किती माणसं गेली आणि किती परत आली, हे त्यात नाही.

त्या काळात मुंबईची उभारी किती बारकाईने मोजली जात होती ते पाहा. २३ मार्च २०२० ला सव्वीस हजारांच्या खाली गेलेला सेन्सेक्स २१ जानेवारी २०२१ ला पन्नास हजारांवर गेला. मुद्रांक शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणल्यावर डिसेंबर २०२० मध्ये एकट्या मुंबईत साडेएकोणीस हजारांच्या आसपास घरांचे दस्त नोंदले गेले. विजेची मागणी, जीएसटी, टोल, मोबाइलच्या नकाशावरून काढलेली वर्दळ, सगळ्याचे आलेख आठवड्याच्या आठवड्याला छापून येत होते. पण लोकलमध्ये सामान्य माणसाला चढता आलं १ फेब्रुवारी २०२१ ला, तेही ठरावीक वेळांत. म्हणजे दलाल स्ट्रीटचा आकडा जवळजवळ दुप्पट होऊन गेला, तरी त्या रस्त्यावर रोज लोकलने येणारा साधा प्रवासी अजून फलाटाबाहेरच होता. शहराच्या आतच उभारीचे दोन वेग होते. एकजण घरात बसून संगणकावर काम करत होता, दुसऱ्याला हात लावल्याशिवाय काम नव्हतं. तो दुसरा माणूस त्या दहा महिन्यांत कुठे होता याचं उत्तर बरंचसं शेलूबाजारसारख्या गावांत आहे.

यावर अर्थशास्त्राची थोडी जाण असलेला माणूस विचारील: पण शेती तर त्या वर्षी वाढलीच ना? राज्याच्या २०२०-२१ च्या आर्थिक पाहणीत राज्याचं उत्पन्न आठ टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता, उद्योग ११.३ टक्क्यांनी खाली, सेवा नऊ टक्क्यांनी खाली, आणि शेती मात्र ११.७ टक्क्यांनी वर. ऑगस्ट २०२१ मध्ये तर वऱ्हाडातल्या बाजार समित्यांत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं. मग गावाने भार उचलला म्हणता तो कसला? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण आकडे खरे आहेत. पण ते काय सांगतात ते नीट पाहावं लागतं. देशातल्या कामकऱ्यांपैकी शेतीत असणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता. २०१९-२० मध्ये तो ४५.६ झाला, २०२०-२१ मध्ये ४६.५. कित्येक वर्षं सतत खाली येणारी रेघ उलटी फिरली. तेवढंच ताट, पंगतीत पानं जास्त. पाच एकरांच्या कोरडवाहू रानात दोघं राबत होते तिथे चौघं राबू लागले, आणि सांख्यिकीने चौघांनाही ‘रोजगारात’ लिहिलं. सोयाबीनच्या दहा हजारांचंही तसंच. ऑगस्टमध्ये शेतकऱ्याच्या घरात माल किती असतो? दसऱ्याला सोंगणी होते, दिवाळीपर्यंत निम्म्याहून जास्त माल अडत्याच्या काट्यावर गेलेला असतो, उधारी फिटलेली असते. भाव चढला तो बहुतेकांचं घर रिकामं झाल्यावर. त्याच ऑगस्टमध्ये बारा लाख टन सोयापेंडेच्या आयातीला परवानगी मिळाली, आणि नवं पीक बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर उतरला. सरासरीत हे वर्ष चांगलं दिसतं. मंगरूळपीरच्या रस्त्याने पोती घेऊन येणाऱ्याला ती सरासरी मिळाली नाही.

त्याहून बोलकी गोष्ट ही की ४६.५ चा आकडा मुंबईचे सगळे आलेख पूर्ववत झाल्यावरही ४२.५ वर गेला नाही. २०२१-२२ मध्ये ४५.५, २०२२-२३ मध्ये ४५.८, २०२३-२४ मध्ये ४६.१. माझ्या मते उभारीच्या सगळ्या गाथेवर एवढं एकच टिपण पुरेसं आहे. शहराची उलाढाल परत आली, पण गावी गेलेली माणसं सगळी परत गेली नाहीत, किंवा त्यांच्या जागी घरातलं दुसरं कुणी तरी, बहुतेक वेळा बाई, रानात उतरली. काही अभ्यासकांच्या मते यात मोजण्याच्या पद्धतीचाही भाग आहे, घरच्या शेतात राबणाऱ्या स्त्रियांची नोंद आता अधिक होते. तसं असेलही. पण मग याचा अर्थ इतकाच की साथीआधीची सुस्थिती जितकी सांगितली गेली तितकी नव्हती.

मोजायचं ठरवलं तर साधनं नाहीत असं नाही. सोयाबीनच्या सोंगणीचा गुत्ता एकरी किती रुपयांना सुटतो आणि किती टोळ्या तो मागायला येतात, हे एका तालुक्यात चार वर्षं लिहून ठेवलं तर शहरातल्या कामाची स्थिती त्यातून कळते: पुण्यात काम असेल तर टोळी मिळत नाही आणि गुत्ता चढतो, काम नसेल तर एकाच रानाला तीन टोळ्या येतात. दिवाळीनंतर शाळांतून किती दाखले निघतात, रोहयोच्या हजेरीपटावर विशी-पंचविशीतले पुरुष किती आणि पन्नाशीपुढच्या बायका किती, पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत जाताना किती जागा भरतात आणि येताना किती, किराणा दुकानदाराची उधारीची वही सणाआधी किती पानांची असते. यातली एकही गोष्ट गुप्त नाही. शासनाला ती मिळवायला नवा कायदा लागत नाही. २०२०-२१ च्या श्रमबल पाहणीत स्थलांतराचे प्रश्न विचारलेही गेले होते, पण त्या पाहणीचा नमुना जिल्ह्यापर्यंत उतरणारा नव्हता. राज्याच्या सरासरीत वाशीम आणि मुंबई एकत्र घातले की उत्तर दोघांचंही राहत नाही.

न मोजण्याची किंमत एकदा फार लवकर मोजावी लागली. जानेवारी २०२१ मध्ये मुंबईचे सगळे दर्शक वर जात होते, लोकल उघडत होती, साथ आटोपली असं वाटत होतं. दुसरी लाट दिसली ती अमरावतीत. २२ फेब्रुवारीपासून तिथे पुन्हा टाळेबंदी लागली. त्याच आठवड्यात वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातल्या एका निवासी शाळेत दोनशेहून जास्त विद्यार्थी बाधित निघाले. वऱ्हाडात जे चाललं होतं ते मुंबईच्या उभारीच्या आलेखात कुठेच येत नव्हतं, आणि एप्रिलमध्ये लोकल सामान्य प्रवाशांना पुन्हा बंद करावी लागली. १८९७ मध्ये साथ शहरातून गावाकडे गेली होती, या वेळी तिने उलटीही वाट धरली. शहराचं आरोग्य आणि शहराचा व्यापार वेशीपाशी संपत नाहीत, याला याहून मोठा पुरावा कशाला हवा?

आज समृद्धी महामार्ग शेलूबाजारजवळून जातो. नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, शेवटचा इगतपुरी-आमणे ५ जून २०२५ ला. नागपूर-मुंबई सातशे एक किलोमीटर आता आठ तासांत. शेलूबाजारला त्यावर चढ-उतार आहे. रस्ता चांगला आहे आणि त्याचा उपयोग होईल, याविषयी शंका घेण्याचं कारण नाही. भाजी, दूध, संत्री, आजारी माणूस, सगळ्यांना तो हवाच होता. पण शकुंतलेचाही उपयोग झालाच होता. त्या रुळांवरून कापूस गेला, आणि गावात जिनिंगपुढचं काही उभं राहिलं नाही. कापूस कातायला आणि विणायला मुंबईलाच गेला, त्यामागोमाग माणसंही. नव्या रस्त्यावर टोलनाक्याचा आकडा रोज वाढताना दिसेल आणि तो उभारीच्या आलेखात जाईल. गाडी शेलूबाजारला उतरली की नुसतीच पुढे गेली, हा फरक टोलच्या पावतीवर असतो. तो वाचायचा की नुसती बेरीज करायची, हे वाचणाऱ्यावर आहे.

प्लेगच्या काळात निदान १९०१ ची शिरगणती वेळेवर झाली. कोरोनामुळे २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली आणि सहा वर्षं पुढेच जात राहिली. आता तिची गणनेची तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. २०२० साली शाळेच्या खोलीत चौदा दिवस काढलेला माणूस तेव्हा पुन्हा चाकणला असेल, किंवा नसेल. घराला कुलूप असेल, किंवा दारात त्याची आई बसलेली असेल. २०११ च्या तक्त्यात प्रत्येकाला आधीचं राहण्याचं ठिकाण आणि तिथून निघण्याचं कारण विचारलं होतं. कारणांचे रकाने ठरलेले होते: नोकरी-काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर आले, कुटुंबाबरोबर आले. काम बंद पडलं म्हणून शहरातून परत आलो, असं सांगणाऱ्यासाठी त्यात शेवटचा रकाना होता, ‘इतर’.